गच्चीवर मांडलेली धातूची पट्टी: नागपूरच्या हवेत गंज कसा मोजायचा

नागपुरात लोखंड उन्हाने गंजत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर पडलेल्या लोखंडी पट्टीचा गंज जवळजवळ थांबलेला असतो. तो वाढतो ओल्या तासांत. जुलै-ऑगस्टच्या झडीत, पाऊस ओसरल्यावरच्या दमट रात्री आणि डिसेंबर-जानेवारीत दव पडतं त्या पहाटे. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी धातू नेमका किती तास ओला होता, हे शोधणं म्हणजेच इथल्या गंजाचा अभ्यास. किती मिलिमीटर पाऊस पडला याला त्यापुढे दुय्यम महत्त्व आहे. दोन तासांत धो-धो कोसळून लगेच ऊन पडलं तर पट्टी धुऊन वाळते. दिवसभर नुसती भुरभुर राहिली तर पाऊस कमी पडूनही गंज जास्त चढतो.

इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक, पत्र्याची शेड उभारणारे फॅब्रिकेटर, किंवा ज्यांना आपल्या घराच्या गेटचं असं का होतं हे मुळापासून कळून घ्यायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. खर्च फार नाही. सलग वर्षभर लक्ष मात्र द्यावं लागतं.

आधी काय मोजायचं ते ठरवा

नवखा माणूस गंजाच्या रंगाकडे बघतो. रंग फसवतो. पहिल्याच पावसानंतर पट्टी नारिंगी होते आणि वाटतं की संपली. प्रत्यक्षात धातू एक-दोन मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गेलेला असतो. म्हणून मोजायचं ते वजन: मांडण्यापूर्वीचं, आणि वर्षाने सगळा गंज काढून टाकल्यावरचं. दोन्हींतल्या फरकावरून धातूची जाडी किती घटली ते काढायचं.

ही घट कशाशी ताडायची, त्यासाठी आयएसओ ९२२३ हे मानक आहे. साध्या कार्बन स्टीलची पहिल्या वर्षातली घट १.३ मायक्रॉनपर्यंत असेल तर हवा सी१ वर्गाची, १.३ ते २५ असेल तर सी२, २५ ते ५० असेल तर सी३, ५० ते ८० असेल तर सी४ आणि ८० ते २०० असेल तर सी५. त्यापुढे सीएक्स. जस्ताची मोजपट्टी फार बारीक आहे: सी२ म्हणजे ०.१ ते ०.७ मायक्रॉन, सी३ म्हणजे ०.७ ते २.१. सी५ आणि सीएक्स हे वर्ग मुख्यतः खाऱ्या किनाऱ्यांवर आणि जड उद्योगांच्या धुरात सापडतात. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. पण कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं शहराच्या उत्तरेला जवळच आहेत, बुटीबोरी आणि हिंगण्याला एमआयडीसी आहे, म्हणून 'नागपूरची हवा' असा एकच आकडा धरून चालू नका. आकडा तुमच्या गच्चीचा असतो.

पत्रा आणून कूपन कापणं

प्रयोगशाळेत या पट्ट्यांना कूपन म्हणतात. ठरलेलं माप १०० × १५० मि.मी. आणि जाडी साधारण १ मि.मी. इतवारीतल्या लोहा ओळीत सीआर पत्रा, म्हणजे कोल्ड रोल्ड, मागा. एचआर, म्हणजे हॉट रोल्ड, पत्र्यावर काळी पापडी असते, तिला मिल स्केल म्हणतात. ती राहिली तर गंज कुठे पापडीखाली, कुठे पापडीशेजारी असा धरतो आणि तीन कूपनांचे तीन निराळे आकडे येतात.

सगळी कूपनं एकाच पत्र्यातून, एकाच दिवशी, शिअरिंग मशीनवर कापून घ्या. गॅस कटरने मुळीच नको, कडा तापून तिथला धातू बदलतो. एकाच पत्र्याचा आग्रह का? स्टीलमध्ये तांब्याचा किंवा फॉस्फरसचा अंश थोडा जरी कमी-जास्त असला तरी गंजाचा वेग बदलतो. दोन दुकानांतला पत्रा मिसळलात तर तुम्ही हवा मोजताय की पत्रा, हे सांगता येणार नाही.

प्रत्येक धातूची, प्रत्येक मुदतीसाठी (एक, दोन, पाच, दहा वर्षं) किमान तीन कूपनं हवीत. शिवाय दोन-तीन घरात सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवायची. ती पुढे फार उपयोगी पडतात.

सुरुवात स्टील आणि जस्त यांनी करा. जस्ताचा शुद्ध पत्रा घ्या. जी.आय. पत्रा हे जस्ताचं कूपन होत नाही, कारण त्यावर जस्ताचा पातळ थर असतो आणि कापलेल्या कडांना लोखंड उघडं पडतं. वेगळा प्रश्न म्हणून जी.आय.चं कूपन जरूर लावा, पण त्याला पॉलिश पेपर लावू नका, थरच निघून जाईल. तांबंही लावता येईल. ॲल्युमिनियमचं मात्र जरा थांबा: सी२ हवेत त्याची वर्षाची घट चौरस मीटरमागे ०.६ ग्रॅमच्या आत असते, म्हणजे आपल्या मापाच्या कूपनावर फार तर १८ मिलिग्रॅम, आणि तीही सर्वत्र सारखी नसून बारीक खड्ड्यांमध्ये. त्याला चांगला ॲनालिटिकल बॅलन्स, म्हणजे प्रयोगशाळेतला अतिसूक्ष्म वजनकाटा, आणि सूक्ष्मदर्शक लागतो. वाडीजवळ जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र आहे, व्हीएनआयटीत धातुशास्त्राचा विभाग आहे. कॉलेजमार्फत प्रयोग करत असाल तर ॲल्युमिनियमसाठी अशा ठिकाणच्या जाणकारांशी बोलून मगच पुढे जा.

खूण, सफाई, वजन

मार्करने लिहिलेला नंबर नागपूरच्या उन्हात टिकत नाही. नंबर पंचने ठोका, किंवा कडेला ठरावीक जागी छोटी भोकं पाडा आणि त्यांचा तक्ता वहीत काढून ठेवा. गंज चढल्यावर ठोकलेला नंबरही अंधूक होतो, म्हणून कोणतं कूपन रॅकवर कुठे आहे त्याचा नकाशा वेगळा हवा.

मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने स्टील एकसारखं घासा, ॲसिटोनने तेल काढा, स्वच्छ पुसून वाळवा. यापुढे उघड्या बोटांनी धरायचं नाही. घामातलं मीठ पुरेसं असतं. पुढच्या महिन्यात तिथे बोटाचा ठसा गंजात उमटलेला दिसतो.

वजन किती बारीक हवं? १०० × १५० × १ मि.मी.च्या स्टील कूपनाचं वजन साधारण ११८ ग्रॅम भरतं. सी२ हवेत वर्षाला १० मायक्रॉन गेले तर घट सुमारे २.४ ग्रॅम. म्हणजे स्टीलपुरता १ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा सराफी काटाही चालतो. जस्ताची अर्धा मायक्रॉन घट म्हणजे सुमारे १०९ मिलिग्रॅम, तिथेही भागतं. प्रत्येक कूपन तीनदा तोला, सरासरी लिहा. लांबी, रुंदी आणि जाडी व्हर्नियरने मोजून लिहा. कडांचं क्षेत्रफळही धरायचं आहे.

जागा निवडताना

इथे घाई करू नका. बाकी सगळं नीट केलं आणि जागा चुकली तर वर्ष वाया जातं.

रॅकवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोकळं ऊन आणि मोकळा वारा हवा. पाण्याच्या टाकीची सावली, जिन्याची खोली, झाडाची फांदी यांपासून दूर. टाकी भरून वाहते तिथे तर नकोच.

आता नागपूरच्या घरांचं खास. मार्च ते जून कूलर चालतो. त्याच्या पॅडमधून उडणारे तुषार आणि आसपासची दमट हवा कूपनापर्यंत पोचली, तर वर्षातले सर्वांत कोरडे तीन महिने तुमच्या कूपनासाठी ओले होतात. बोअरच्या पाण्यातले क्षार सुकून चिकटतात ते निराळेच. रॅक आपल्या आणि शेजाऱ्यांच्या कूलरपासूनही लांब ठेवा. दुसरं, वाळवण. उन्हाळ्यात त्याच गच्चीवर कुरडया, पापड, खारवलेल्या मिरच्या पसरतात. मीठ म्हणजे क्लोराइड आणि क्लोराइड धातूचा वैरी आहे. मिठाचे हात झटकले तरी कूपनावर ठिपके उठतात. घरच्यांना आधी समजावून सांगा, वाळवणाची बाजू वेगळी ठरवा. तिसरं, संडास-बाथरूमच्या सफाईचं ॲसिड. त्याची अर्धवट बंद बाटली रॅकजवळ ठेवलेली असेल तर तिच्या वाफा महिनोन्महिने स्टील खात राहतात.

कबुतरांसाठी वर सुतळीच्या दोन-तीन ओळी ताणा, पण कूपनावर सावली पडेल अशी जाळी नको. संक्रांतीच्या दिवसांत तुटलेला मांजा रॅकमध्ये अडकतो आणि त्यात पानं-कचरा साठतो, तेव्हा रोज नजर टाका. सेमिनरी हिल्सच्या बाजूला राहणाऱ्यांनी माकडांचा विचार करून बोल्ट घट्ट आवळावेत.

रॅक

रंगवलेला स्लॉटेड अँगल किंवा चांगलं लाकूड चालेल. कूपन आडव्या पातळीशी ४५ अंशांत, तोंड दक्षिणेला. गुण्या लावून कोन तपासा. सर्वांत खालचं कूपनही जमिनीपासून किंवा स्लॅबपासून किमान पाऊण मीटर वर हवं, नाहीतर पावसाचे शिंतोडे खालून उडतात. कूपन आणि रॅक यांच्यामध्ये चिनी मातीचे किंवा नायलॉनचे इन्सुलेटर घाला. धातूला धातू टेकला की ओलाव्यात दोघांचा विद्युतघट तयार होतो आणि एक जण दुसऱ्याच्या वाट्याचा गंज आपल्यावर घेतो.

त्याच कारणाने तांबं कधी वरच्या ओळीत लावायचं नाही. पावसात तांब्यावरून विरघळून आलेलं पाणी खालच्या जस्तावर किंवा ॲल्युमिनियमवर पडलं की तिथे तांब्याचे कण बसतात आणि धातू वेगाने खड्डे धरतो. तांबं सगळ्यात खाली, किंवा वेगळ्या रॅकवर.

खुल्या रॅकशेजारी पत्र्याच्या छपराखाली, पण बाजूंनी उघडा, असा दुसरा संच लावता आला तर फार चांगलं. खुल्या कूपनावरची धूळ आणि राख पाऊस धुऊन नेतो. छपराखालच्या कूपनावर ती साचते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि धातू दीर्घकाळ भिजत ठेवते. पार्किंग शेडचे पत्रे आतल्या बाजूने का सडतात, ते या जोडीतून उलगडत जातं.

कधी मांडायचं

पहिल्या काही आठवड्यांत कशी हवा मिळाली त्याची छाप गंजाच्या पहिल्या थरावर राहते. एकच संच असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागण्याच्या सुमारास मांडा, म्हणजे वर्षातला सर्वांत कठीण काळ सुरुवातीलाच येतो. दुसरा संच दिवाळीनंतर लावता आला तर दोन्हींतला फरक बघण्यासारखा असतो. तीन महिन्यांचा आकडा चौपट करून वर्षाचा काढणं साफ चूक आहे. आपल्याकडे जून ते ऑगस्ट आणि मार्च ते मे हे जणू दोन वेगळ्या शहरांचे महिने आहेत.

वर्षभराची नोंद

प्रयोगाचा जीव या वहीत आहे. केवळ वजन घटल्याचा आकडा आला तर एक संख्या मिळते. ओल्या तासांची नोंद सोबत असेल तर ती संख्या का आली ते सांगता येतं.

जुन्या आयएसओ पद्धतीत ओला तास म्हणजे हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून जास्त आणि तापमान शून्याच्या वर. शून्याची अट नागपुरात आपोआप पुरी होते, राहिली आर्द्रता. दर तासाला नोंद साठवणारा आर्द्रतामापक रॅकजवळ, हवा खेळेल अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवा. महिन्याला एकदा आकडे उतरवून ८० टक्क्यांवरचे तास मोजा. सोनेगावच्या हवामान केंद्राचे आकडे ताडून बघण्यासाठी ठीक आहेत, पण विमानतळाचं मोकळं मैदान आणि महालातली दाटीवाटीची गच्ची यांची रात्र एकसारखी नसते.

एक गोष्ट यंत्राला कळत नाही: दव. हिवाळ्यात निरभ्र रात्री धातूचा पत्रा आकाशाकडे उष्णता टाकतो आणि आसपासच्या हवेपेक्षा थंड होतो. मापक ७० टक्के दाखवत असतानाही पत्र्यावर पाणी धरलेलं असू शकतं. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्योदयापूर्वी गच्चीवर जाऊन बघा, मोकळ्या जागी ठेवलेल्या वेगळ्या पट्टीवर टिश्यू पेपर टेकवा, ओला झाला की नाही ते लिहा. किती वाजता वाळलं तेही लिहा. कूपनाला हात लावायचा नाही. या पहाटेच्या नोंदी कंटाळवाण्या वाटतात, पण माझ्या मते नागपूरच्या अभ्यासात सर्वांत मोलाच्या त्याच आहेत. दवाचं पाणी पत्रा धूत नाही. उलट रात्रभर बसलेली धूळ आणि हवेतला सल्फर डायऑक्साइड स्वतःत मुरवून घेऊन पातळ आम्ल बनतं.

सल्फर डायऑक्साइडचं महत्त्व इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिलं होतं. आर्द्रता एका मर्यादेपलीकडे गेली आणि हा वायू सोबत असला, की गंजाचा वेग एकदम चढतो. वायू ओलाव्यात विरघळून लोखंडाचं सल्फेट बनवतो, सल्फेटाचे पुंजके गंजाच्या तळाशी घर करतात आणि पुढच्या प्रत्येक ओल्या रात्री तिथून नव्याने सुरुवात होते. घरी हा वायू मोजणं अवघड आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जाहीर आकडे दर महिन्याला उतरवून ठेवा आणि वाऱ्याची दिशाही लिहा, म्हणजे उत्तरेकडचा, वीज केंद्रांवरून येणारा वारा किती दिवस होता ते कळेल. तुलनेसाठी: या वायूची आपली राष्ट्रीय मर्यादा वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, तर आयएसओच्या वर्गवारीत ३० ते ९० हा स्वतंत्र, वरचा टप्पा आहे. माणसासाठी घातलेल्या मर्यादेत बसणारी हवा धातूला मानवेलच असं नाही.

महिन्यातून एकदा, एकाच अंतरावरून आणि एकाच वेळी, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. खालची बाजू बहुधा जास्त गंजलेली दिसेल: तिला ऊन लागत नाही, ती उशिरा वाळते, पाऊस तिला धूत नाही.

उतरवणं आणि गंज काढणं

हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत, जाणकारासमोर करा. शाळेच्या मुलांनी ॲसिडला हात लावू नये.

स्टीलसाठी ठरलेलं द्रावण असं: १.१९ घनतेचं हायड्रोक्लोरिक ॲसिड ५०० मि.ली., हेक्झामिन ३.५ ग्रॅम, आणि शुद्ध पाणी घालून एकूण १ लिटर. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. चष्मा, हातमोजे, खेळती हवा; या प्रक्रियेत हायड्रोजन सुटतो, जवळ ज्योत नको. हेक्झामिन उघड्या धातूला ॲसिडपासून बरंचसं वाचवतं, गंज मात्र विरघळू देतं. कूपन १० मिनिटं बुडवा, मऊ ब्रशने घासा, धुवा, वाळवा, तोला. तापमान २० ते २५ अंशांत हवं. जूनमध्ये मांडलेलं कूपन जूनमध्येच उतरतं आणि तेव्हा प्रयोगशाळेची खोली ३५ अंशांच्या वर असू शकते. अशा वेळी ॲसिड धातूलाच जास्त खातं, म्हणून एसी खोलीत किंवा थंड पाण्याच्या परातीत भांडं ठेवून काम करा. जस्तासाठी लिटरमागे २५० ग्रॅम ग्लायसिनचं द्रावण वापरतात. जुन्या पुस्तकांतलं क्रोमिक ॲसिड विषारी आहे, ते टाळा. प्रत्येक धातूचं द्रावण आणि वेळ आयएसओ ८४०७ मध्ये दिली आहे.

घरात राखून ठेवलेली कूपनं आता कामाला येतात. त्यांनाही तेच द्रावण, तीच वेळ. त्यांचं जे वजन घटेल ते ॲसिडने खाल्लेलं. तेवढं गंजलेल्या कूपनाच्या घटीतून वजा करा. सफाईची फेरी पुन्हा पुन्हा करा. आधी वजन झपाट्याने उतरतं, मग प्रत्येक फेरीला थोडं-थोडं आणि सारखं. आलेखावर हा दुसरा सरळ तुकडा मागे शून्य फेरीपर्यंत वाढवला की खरी घट मिळते. वापरलेलं द्रावण चुन्याने किंवा सोड्याने उदासीन केल्यावरच टाका.

हिशेब

घटलेली जाडी मायक्रॉनमध्ये = वजनातली घट (ग्रॅम) × १०,००० ÷ (क्षेत्रफळ चौ. सें.मी. × घनता). घनता स्टीलची ७.८६, जस्ताची ७.१३, तांब्याची ८.९४.

समजा सफाईनंतर स्टीलची घट ३.२० ग्रॅम आली आणि राखीव कूपनाची ०.०४. उरले ३.१६. दोन्ही बाजू आणि कडा मिळून क्षेत्रफळ ३०५ चौ. सें.मी. तर ३.१६ × १०,००० ÷ (३०५ × ७.८६) म्हणजे १३.२ मायक्रॉन. वर्ग सी२. तिन्ही कूपनांचे आकडे जवळपास यायला हवेत. एखादं फार वेगळं आलं तर ते लपवू नका. वही उघडून शोधा की त्याच्यावर काय टपकलं होतं.

हाच वेग दहा वर्षं राहील असं समजून १३२ मायक्रॉन म्हणू नका. गंजाचा थर जमत जातो तसा तो पुढच्या गंजाला थोडा अडवतो, आणि ओलं होऊन पूर्ण वाळण्याच्या चक्रात तो अधिक घट्ट होतो. आयएसओ ९२२४ नुसार वर्षांच्या संख्येला घातांक लावून त्याने पहिल्या वर्षाच्या घटीला गुणतात; घातांक स्टीलसाठी ०.५२३, जस्तासाठी ०.८१३. म्हणजे १३.२ चे दहा वर्षांत सुमारे ४४ मायक्रॉन. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षं उभा आहे त्यामागेही असाच घट्ट बसलेला थर आहे. त्या लोखंडातल्या भरपूर फॉस्फरसमुळे तो कसा बनला, हे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवलं.

जस्ताचं उदाहरण घरातलं आहे. १२० जीएसएमच्या, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरमागे १२० ग्रॅम जस्त असलेल्या, जी.आय. पत्र्यावर प्रत्येक बाजूला सुमारे ८.४ मायक्रॉन जस्त असतं. पहिल्या वर्षी ०.६ मायक्रॉन गेलं असं धरलं तर दहा वर्षांत साधारण ३.९ जाईल, उघड्यावरचं छप्पर सहज टिकेल. मग त्याच पत्र्याचा कूलर काही हंगामांतच तळाशी का फुटतो? कारण त्याच्या टाकीत महिनोन्महिने क्षारांचं पाणी आणि गाळ असतो, तिथे वाळायला सवडच नाही. हवेतल्या गंजाचे आकडे त्याला लागू पडत नाहीत, आणि कूलरवरून छपराचा अंदाज बांधणंही तितकंच चूक.

देशभराचा असा गंज-नकाशा कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने तयार केला आहे; तो मोठ्या अंतरांवरच्या केंद्रांवर बेतलेला असतो. कोराडी, सीताबर्डी, सेमिनरी हिल्स आणि बुटीबोरी इथल्या चार मित्रांनी एकाच पत्र्यातली कूपनं एकाच दिवशी मांडली, तर एका शहरातला फरक दिसेल. उरलेली कूपनं रॅकवरून काढू नका. ती दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी तीन-तीन करून उतरवायची आहेत. नकाशाची वही, मूळ वजनं आणि राखीव कूपनांचा डबा कुणाकडे राहील, हे कॉलेज संपण्याआधीच ठरवून ठेवा.